देव बाळ झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

"नाताळ म्हणजे येशूची जयंतीच ना?" पुण्यात वाढलेल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न शाळेत, ऑफिसात किंवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. आपल्याकडे शिवजयंती आहे, रामनवमी आहे, गोकुळाष्टमी आहे. त्याच ओळीत २५ डिसेंबर बसवला की समजायला सोपं जातं. आम्हीही "हो" म्हणतो, फराळाचा डबा पुढे करतो आणि विषय तिथेच थांबतो.

ते "हो" खोटं नसतं, पण फार तोकडं असतं. शिवनेरीवर जन्मलेल्या बाळाची जयंती आपण साजरी करतो ती त्याने पुढे उभ्या केलेल्या स्वराज्यामुळे. कर्तृत्व आधी आठवतं आणि त्यामुळे जन्माला महत्त्व येतं. नाताळला ख्रिस्ती माणूस जे म्हणतो ते त्या बाळाने तोंडातून एक शब्द काढायच्या आधीच घडून गेलेलं आहे. ज्याने सूर्य, तारे, समुद्र घडवले तो एकमेव देव, रोमी साम्राज्याच्या एका कोपऱ्यातल्या लहानशा गावी, एका तरुण यहुदी मुलीच्या पोटी, माणूस होऊन जन्मला. आम्ही याला देहधारण म्हणतो. आमची सगळी श्रद्धा या एका विधानावर उभी आहे, आणि मला वाटतं, ते इतक्या वेळा ऐकून झालंय की आमचं आम्हालाही त्याचं नवल वाटेनासं झालंय.

शुभवर्तमानांत काय लिहिलंय

येशूची हकीकत सांगणारी चार पुस्तकं नव्या करारात आहेत. त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांपैकी मार्क जन्माबद्दल एक ओळही लिहीत नाही. त्याच्या पुस्तकात येशू पहिल्यांदा भेटतो तो थेट मोठा झालेला, यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला आलेला. योहानाकडेही तारा नाही, मेंढपाळ नाहीत, गव्हाणी नाही. जन्मकथा आहेत त्या फक्त मत्तय आणि लूक यांच्याकडे, आणि त्या दोघांच्या कथा चांगल्याच वेगळ्या आहेत.

मत्तय योसेफाच्या बाजूने सांगतो. जिच्याशी लग्न ठरलंय ती मरीया गरोदर आहे हे योसेफाला कळतं. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तो तिला गुपचूप सोडून द्यायचं ठरवतो, तेव्हा स्वप्नात देवदूत येऊन त्याला थांबवतो. मग पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी, येतात, हेरोद राजा बिथरतो, बेथलेहेम आणि आसपासच्या दोन वर्षांच्या आतल्या मुलग्यांची कत्तल होते आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशात पळून जातं. लूक मरीयेच्या बाजूने सांगतो. गब्रीएल देवदूत, नातलग अलीशिबेची भेट, कैसर औगुस्ताने काढलेला नावनिशीचा, म्हणजे लोकगणनेचा, हुकूम, बेथलेहेमपर्यंतचा प्रवास, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ, रात्री कळप राखणारे मेंढपाळ, मग मंदिरात बाळाला हातांवर घेणारा म्हातारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना.

आमच्या घरांतल्या गव्हाणीच्या देखाव्यात या दोन्ही कथा एकाच गवताच्या छपराखाली येतात. मागी तीन होते असं मत्तय लिहीत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, म्हणून आणणारेही तीन धरले गेले. ते गोठ्यात आले असंही तो म्हणत नाही, घरात गेले असं म्हणतो. बैल आणि गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला, बैल आपल्या मालकाला ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाणी ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार आहे. तिथून ही दोन जनावरं बाळाजवळ येऊन उभी राहिली. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खऱ्याखुऱ्या बैल-गाढवासह गव्हाणी मांडली. त्या बाळाचं दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढीच त्याची इच्छा होती. गणपतीच्या देखाव्यांवर जीव टाकणाऱ्या पुणेकरांना ही इच्छा वेगळी समजावून सांगायला नको. मला देखावे मनापासून आवडतात. फक्त वर्षातून एकदा दोन्ही कथा सुट्या सुट्या वाचाव्यात असं वाटतं, कारण एकत्र केल्यावर हेरोद बहुधा देखाव्यातून गळतो आणि उरतं ते नुसतं गोड चित्र.

तारखेचं थोडक्यात सांगतो. बायबलमध्ये ती नाही. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म मानल्याची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममधली, चौथ्या शतकातली आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ साली अजिंक्य सूर्यदेवाचं मंदिर उभारलं होतं, त्या देवाच्या सणाला पर्याय म्हणून ही तारीख आली असं काही अभ्यासक म्हणतात. येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं मानून तिथून नऊ महिने मोजले गेले, असं दुसरे म्हणतात. रशियासारख्या देशांतल्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. आणि हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात, त्यामुळे येशूचा जन्म त्याही आधीचा ठरतो. इसवी सनाची मोजणी सहाव्या शतकात एका संन्याशाने केली आणि तिच्यात काही वर्षांची चूक राहिली. लूकने सांगितलेली नावनिशी नेमकी कोणती, यावरही वाद आहेत. यातल्या कशानेच माझी श्रद्धा डळमळत नाही. नाताळ तारखेवर उभा नाही. तो खरंच जन्मला आणि तो खरंच देव होता, या दोन गोष्टींवर उभा आहे.

पुरा देव, पुरा माणूस

या दोन गोष्टी एकत्र कशा मानायच्या, यावर मंडळीने पहिली चारशे वर्षं घालवली.

अलेक्झांड्रियात आरियस नावाचा एक धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं असं, की ख्रिस्त सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ, देवाने सर्वांआधी निर्माण केलेला, पण निर्माण केलेलाच. पित्यासारखा अनादी देव नव्हे. हे ऐकायला सोपं आणि बुद्धीला पटणारं होतं, आणि हजारो लोकांना ते पटलंही. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद नायसिया इथे बोलावली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. त्या परिषदेने ठरवलं की पुत्र आणि पिता एकाच सत्त्वाचे आहेत. तिथे मांडलेल्या मतांगिकारावरून, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीवरून, पुढे तयार झालेला मतांगिकार आजही पुण्यातल्या चर्चमध्ये उभं राहून म्हटला जातो. त्यानंतर ४५१ साली काल्सीदोनच्या परिषदेने दुसरी बाजू पक्की केली. ख्रिस्त एकच व्यक्ती, पुरता देव आणि पुरता माणूस. दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळून तिसरंच काही झालेलं नाही, आणि दोन तुकडेही झालेले नाहीत.

सामान्य माणसाने या वादात का पडावं? कारण आरियस बरोबर असेल, तर देव स्वतः आलाच नाही. त्याने आपला सगळ्यांत मोठा सेवक पाठवला आणि आपण वरच राहिला. निरोप कितीही प्रेमळ असला तरी तो निरोपच.

वाद उलट्या टोकालाही होता. काही जण म्हणत, ख्रिस्त देव होता हे खरं, पण त्याचा देह केवळ भास. देवाला भूक कशी लागेल? त्याचं रक्त कसं सांडेल? या मताला नव्या करारातच जबाब आहे. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवातच होते ती, जे आम्ही कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी चाचपलं त्याबद्दल आम्ही सांगतो, या ग्वाहीने. पुढे चौथ्या शतकात आणखी एक बारीक वाट निघाली. ख्रिस्ताचा देह माणसाचा होता, पण त्यात मन माणसाचं नव्हतं, असं अपोलिनारिस नावाच्या बिशपांनी मांडलं. नाझियांझसच्या ग्रेगरींनी त्याला जे उत्तर दिलं ते मला सगळ्या धर्मशास्त्रात सर्वांत दिलासा देणारं वाटतं: जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरंही झालं नाही. म्हणजे मन घेतलं नसेल, तर आपलं मन बरं व्हायचं राहून गेलं. माणसाची भीती, गोंधळ, रात्रीची झोप उडवणारी काळजी, हे सगळं त्याने घेतलं असेल तरच या सगळ्याला देवाचा स्पर्श झाला.

आता पुन्हा गव्हाणीतल्या बाळाकडे या. नवजात बाळाची मान धरत नाही, हे बाळ हातात घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डोक्याखाली हात घालावा लागतो. सगळं विश्व जो आपल्या सामर्थ्याने धरून आहे असं नवा करार सांगतो, त्याची मान एका मुलीला हाताने धरावी लागली. त्याला वेळेवर दूध हवं होतं. लंगोट बदलायला हवा होता. थंडीत त्याला कुणी गुंडाळलं नसतं तर तो आजारी पडला असता. अरामी भाषा त्याला आईकडून एकेक शब्द करत शिकावी लागली. लूक स्पष्ट लिहितो की तो ज्ञानाने वाढत गेला. ज्याला सगळं आधीच येत होतं त्याच्याबद्दल असं कुणी लिहिणार नाही. नासरेथात त्याने सुतारकाम केलं. शोमरोनात चालून चालून थकल्यावर तो विहिरीवर बसला आणि पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे त्याने प्यायला मागितलं. लाजर नावाच्या मित्राच्या कबरेपाशी तो रडला. गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याच्या आधीच्या रात्री, तो भ्यायला आणि हा प्याला टळो अशी प्रार्थना केली. क्रूसावर त्याला तहान लागली.

देवाने सामर्थ्य दाखवलं असतं तर त्यात नवल नव्हतं. बहुतेक धर्म देवाच्या सामर्थ्याबद्दल बोलतात. इथे देवाने स्वतःला दुसऱ्यांच्या हाती सोपवलं. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात हे सांगितलंय: देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं.

ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यात येतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाणी देणारे, केळी वाटणारे, पाया पडणारे हजारो असतात, आणि त्यांची सेवा खरीच असते. पण आपला मुक्काम आटोपून सगळ्यांसोबत दिवे घाट चढणारा, पायाला फोड आलेला, भिजून रात्री तंबूत पाठ टेकणारा वारकरी आणि गच्चीतून पालखी पाहणारा माणूस यांच्यात फरक आहे. देहधारण म्हणजे देव गच्चीतून खाली उतरला आणि चालायला लागला, शेवटच्या मुक्कामापर्यंत.

मग हा अवतारच ना?

हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. मराठी माणसाला देव भक्ताच्या घरी येतो हे कुणी शिकवायची गरज नाही. जनाबाईबरोबर जात्याला हात लावणारा विठ्ठल, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहणारा, चोखोबांच्या कामात वाटेकरी होणारा, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या ऐकण्यामुळे नाताळ समजायला मदत होते असं मी मानतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झालेले आपले मोठे कवी, म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगांत लिहिली, कीर्तनं केली आणि ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं महाकाव्य हाती घेतलं. ते अपुरं राहिलं आणि पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांच्याही आधी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या धर्मगुरूंनी गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. बेथलेहेमची गोष्ट मराठीत ओवीतून सांगता येते, हे चारशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

तरीही साम्य पाहून थांबलं तर दोन्ही परंपरांवर अन्याय होतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात की धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा मी येतो, साधूंच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या विनाशासाठी, युगायुगांत. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, तो एकदाच आला. पुन्हा पुन्हा यायची गरज राहिली नाही, कारण जे करायचं ते त्या एका आयुष्यात, एका मरणात आणि एका पुनरुत्थानात पुरं झालं. तो कोणासाठी आला याचं उत्तरही वेगळं आहे. "मी नीतिमानांना बोलवायला आलो नाही, पाप्यांना बोलवायला आलो," असं येशू म्हणतो. दुष्टांचं काय करायचं या प्रश्नाला नाताळचं उत्तर असं की त्यांच्यासाठीच तर आलो. त्यांना मारायला नाही, त्यांच्यासाठी मरायला.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी सांगितला जातो. काम झाल्यावर ख्रिस्ताने देह उतरवून ठेवला नाही. मेलेल्यातून उठल्यावर तो शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. तो स्वर्गात गेला तो देहासकट. आमच्या श्रद्धेनुसार आजही, या क्षणी, देवाच्या अगदी आत एक माणूस आहे, ज्याच्या हातांवर जखमांचे व्रण आहेत. बेथलेहेमला जे सुरू झालं ते कधीच मागे घेतलं गेलं नाही. म्हणून ख्रिस्ती माणसाला शरीर हे आत्म्याचं तात्पुरतं ओझं म्हणता येत नाही. म्हातारं शरीर, अपंग शरीर, डायलिसिसवरचं शरीर, गर्भारपणाने जड झालेलं शरीर, यांतलं कोणतंही देवाला परकं नाही.

उतारशाळेत जागा नव्हती

लूकमधलं एक छोटं वाक्य आहे: उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. प्रवचनांत ते घाईघाईने उरकलं जातं. पण मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास पाहिला तर याच वाक्यापाशी थांबावं लागतं.

अहमदनगर, जालना आणि आसपासच्या भागांतून एकोणिसाव्या शतकात जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतली पुष्कळशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली होती. पुढे कामासाठी त्यांतले बरेच जण पुण्यात आले. गावात ज्यांना घर बांधायला जागा नव्हती, पाणवठ्यावर ज्यांचा हात चालत नव्हता, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला कुणा विद्वानाची गरज पडली नसणार. देव गावाबाहेर, जनावरांच्या जागी जन्मला आणि ती बातमी पहिल्यांदा मिळाली ती उघड्यावर रात्र काढणाऱ्यांना. नाताळचं असं वाचन पुस्तकातून येत नाही. मंडळीतही पुढे जातीच्या भिंती टिकल्या, सोयरिकी जात पाहून ठरल्या, आजही काही घरांत ठरतात. याचं मला अतिशय दुःख आहे, कारण ते थेट गव्हाणीच्या विरोधात जातं.

मरीयेने गर्भारपणी म्हटलेलं गीतही इथेच वाचायला हवं. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर ती नेहमी शांत, डोळे मिटलेली दिसते. लूकमधली मरीया म्हणते की देवाने सत्ताधीशांना सिंहासनावरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. हे म्हणणारी मुलगी खेड्यातली आहे, तिचं लग्न व्हायचंय आणि तिच्याबद्दल लोक काय बोलतील हे तिला पुरेपूर ठाऊक आहे. मत्तयाकडे वळलं तर हे बाळ वर्ष-दोन वर्षांचं व्हायच्या आत परदेशात आश्रय घेणारं होतं. म्हणूनच २८ डिसेंबरला, नाताळनंतर अवघ्या तीन दिवसांनी, हेरोदाने मारलेल्या मुलांची आठवण करण्याची जुनी प्रथा आहे. तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही.

पुण्यात या कथेच्या खुणा जागोजागी आहेत. नाना पेठेतलं सिटी चर्च ज्या जागेवर आहे ती सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी दिली. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाला आलेल्या पुणेकरांपुढे चहा ठेवला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या चहावरून शहरात केवढं वादळ उठलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शुभवर्तमान वाचताना मला त्याची आठवण होते, कारण येशूवर पहिल्यांदा जे आरोप झाले त्यांत हाही होता की तो जकातदार आणि पापी यांच्या पंक्तीला जेवतो. ज्याला देह आहे त्याला जेवावं लागतं, आणि जेवायचं कुणाबरोबर हा प्रश्न मग येतोच.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, ते १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन. त्यांना आधी खायला-प्यायला आणि कपडे दिले गेले, मग शिकवलं गेलं. तिथे छापखाना होता आणि तो बायका चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, कमी शिकलेल्या बाईलाही स्वतः वाचता यावं म्हणून. १९२२ साली वारण्यापूर्वी त्यांनी हे काम हातावेगळं केलं. देहधारण समजायचं असेल तर मी लोकांना परिषदांच्या ठरावांइतकंच केडगावकडे पाहायला सांगतो.

केक, सांता आणि चार रविवार

लोक विचारतात म्हणून एवढं सांगतो, की सांताक्लॉज हा मूळचा चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. गरिबांना गुपचूप मदत करणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला. नाताळचं झाड जर्मन प्रदेशातून आलं. केक ब्रिटिशांकडून आला आणि कॅम्पातल्या बेकऱ्यांनी तो आपला केला. गोव्याकडच्या घरांत नेवऱ्या आणि कुलकुल, आमच्या मराठी घरांत करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. दिवाळीचा फराळच नाताळला होतो आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. ज्या सणाचा विषयच देवाने माणसाचं खाणंपिणं आपलं केलं हा आहे, तो त्या त्या गावच्या स्वयंपाकघरातूनच साजरा व्हायला हवा.

त्याआधीचे चार रविवार मात्र हल्ली विसरले जातात. त्याला आगमनकाळ म्हणतात. दर रविवारी एक जास्त मेणबत्ती लावायची, यशया आणि मीखा यांच्या भविष्यवाण्या वाचायच्या आणि वाट पाहायची. डिसेंबर लागला न लागला तोच एम. जी. रोडवर रोषणाई होते, त्यामुळे वाट पाहायला वेळच उरत नाही. पण ज्या लोकांनी शेकडो वर्षं परक्या राजवटीखाली मसीहाची, म्हणजे देवाने वचन दिलेल्या तारणाऱ्याची, वाट पाहिली, त्यांच्याबरोबर चार आठवडे तरी थांबल्याशिवाय "तो आला" या वाक्याला वजन येत नाही. घरातल्या मुलांना हे शिकवावं. त्यांना वाट पाहायला आवडतं, त्यांच्या हातात फक्त मेणबत्ती द्यायला हवी.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना कधी नाताळच्या उपासनेला यावंसं वाटलं, तर जरूर यावं. कुठल्याही चर्चच्या दाराशी तुम्हाला कुणी धर्म विचारणार नाही. कॅथलिक चर्चमध्ये २४ तारखेच्या रात्री मिस्सा असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मराठी उपासना बहुधा २५ च्या सकाळी होते. थोडं लवकर गेलात तर बाकावर जागा मिळेल. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला गेला तर नीट ऐका: प्रारंभी शब्द होता, इथून सुरू होऊन शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, इथपर्यंत. या लेखात मी जे सांगायचा प्रयत्न केला, ते तिथे चौदा वचनांत आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी बाप्तिस्मा झालेली मंडळी वेदीकडे जातील, तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहिलात तरी चालतं. गीतांचं पुस्तक जवळ नसेल तर शेजारच्याकडे मागा. बरीच गाणी ना. वा. टिळकांची आहेत, आणि चाली तुम्हाला पहिल्या कडव्यातच ओळखीच्या वाटतील.